जांभळ्या फुलांचा वाटाणा

त्या वर्षी आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला, सुकलाल घरी आला नाही.

आशाबाईनं सांजोऱ्या तळून ठेवल्या होत्या, ओटा सारवला होता, आणि दुपार कलेपर्यंत ती दारात बसून तापीच्या उताराकडं बघत राहिली होती. जैनाबादच्या लेकीबाळी निंबाच्या झोक्यावर गाणी म्हणत होत्या. दरवर्षी याच सणाला तिचा नवरा यायचा, थोडे दिवस राहायचा आणि पुन्हा माळव्यातल्या एका लहानशा संस्थानात निघून जायचा. तिथं तो राजवाड्याच्या खासगी बगीच्यात माळी होता. लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती तेव्हा गेलेला माणूस. आता आशाबाईच्या कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते. मूलबाळ झालं नाही. दीर मोतीलाल आणि जाऊ मालूबाई यांच्या शेजारी तिची एक खोली होती, आणि केळीच्या बागेखाली, नदीकडे उतरणारा जमिनीचा एक पट्टा तिच्या वाट्याला होता. वांगी, मेथी, मिरच्या असं काहीबाही ती त्यात लावायची. असं तिचं आयुष्य चाललं होतं, आणि त्यात तिला फारसं दुःखही नव्हतं. नवरा म्हणजे वर्षातून एकदा येणारा सण, असं तिच्या मनानं कधीच धरून टाकलं होतं.

सण उलटून गेला, सांजोऱ्या पुतण्या-पुतणीनं संपवल्या, आणि मग एका सकाळी सुकलाल आला. डोक्यावर पत्र्याची पेटी, हातात वहाणा, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. नदीला पाणी कमी होतं, तो चालतच उतरून आला होता.

"संस्थान गेलं," ओट्यावर पेटी ठेवत तो म्हणाला. "सरकारात विलीन झालं. झेंडा उतरवला. बगीचा बंद झाला."

"मग आता?"

"आता इथंच."

आशाबाईनं पदर डोक्यावर सारखा केला आणि पाणी आणायला आत गेली. माठापाशी ती जरा जास्तच वेळ उभी राहिली. इथंच, म्हणजे उद्याही, परवाही. तिला एकदम खोली लहान वाटायला लागली.

सुरुवातीचे दिवस मोठे विचित्र गेले. तो पाहुण्यासारखा विचारायचा, "पाणी घेऊ का?" जेवून झालं की ताट कुठं ठेवायचं ते त्याला कळायचं नाही. त्याला वरणात गूळ लागायचा, हे तिला माहीत नव्हतं. ती पहाटे जात्यावर स्वतःशीच बोलते, हे त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं माळव्यात काढल्यानं त्याची भाषाही बदलली होती. ती वाटाणा म्हणायची, तो मटर म्हणायचा. ती 'पाय बरं' म्हणायची, तो 'बघ बरं' म्हणायचा. मोतीलाल त्याला केळीच्या बागेत घेऊन जायचा, पण सुकलालचं मन तिथं लागेना. एवढी मोठी पानं, एवढे मोठे घड, सगळं एकसारखं. तो म्हणायचा, यात माळ्यानं करायचं काय?

पेटीतून त्यानं एक पितळेची डबी काढली होती आणि देवाच्या फळीवर ठेवली होती. तिच्यात वाटाण्याचं बी होतं. साधंसुधं नव्हे, राणीसाहेबांचं.

संध्याकाळी ओट्यावर बसला की तो त्या बगीच्याचं सांगायचा. तेवढ्यापुरती त्याची जीभ सुटायची. थंडीत तिथं पहाटे धुकं इतकं दाट पडायचं की माळ्यांना एकमेकांची पागोटी तेवढी दिसायची. त्या धुक्यात राणीसाहेब अनवाणी यायच्या. वाटाण्याच्या ओळीत थांबायच्या, एक शेंग तोडायच्या, उभ्या उभ्याच दाणे तोंडात टाकायच्या आणि निघून जायच्या. त्या वाटाण्याला साखरेसारखी गोडी. त्याचं बी बगीच्याबाहेर न्यायची कुणाला मुभा नव्हती. फाटकावर शिपाई माळ्यांची कमर चाचपायचा. जरा वेगळं दिसणारं झाड ओळीत उगवलं की ते तिथल्या तिथं उपटायचं. सुकलालचं मुख्य काम तेच होतं. सगळा हिवाळा तो वेगळी झाडं शोधत ओळींतून फिरायचा.

"शेवटच्या थंडीत मात्र कुणाचंच लक्ष नव्हतं," तो म्हणायचा. "आम्हाला कचेरीत सामान उचलायला लावलं. कुंपण पडलं, बाजूच्या शेतातले मटर आत घुसून आमच्या मटराला गुंफले. शेवटच्या दिवशी फाटकावर शिपाईच नव्हता. मी मूठभर बी घेतलं आणि सरळ बाहेर आलो. कोणी विचारलं पण नाही."

हे सांगताना त्याचा आवाज खाली यायचा. कुणी विचारलं नाही याचंच त्याला जास्त लागलं होतं.

आशाबाई ऐकत ऐकत शेंगा निवडायची, नाहीतर वाती वळायची. तिनं तो बगीचा कधी पाहिला नव्हता, पण त्या पावसाळ्यात तो तिच्या झोपेत येऊ लागला. ती धुक्यातून चालायची, पायाखाली गार ओलं गवत असायचं, पुढं कुणीतरी बाई चाललेली असायची. त्या बाईचं तोंड कधी दिसायचं नाही. फक्त ओल्या टाचा दिसायच्या, आणि शेंग तुटल्याचा बारीक आवाज यायचा. सकाळी उठल्यावर तिला स्वतःचंच हसू यायचं. नवऱ्याची इतकी वर्षं जिथं गेली तिथं आपण आत्ता कुठं पोहोचतोय, तेही झोपेत.

दसरा झाला. मोतीलालची त्या पट्ट्यात केळी लावायची इच्छा होती, पण आशाबाई म्हणाली, "यंदा नको भाऊजी. यंदा त्याहिचा वाटाणा." दोघांनी मिळून पट्टा खणला. नदीचा गाळ टोपल्यांनी आणून काळ्या मातीत मिसळला, म्हणजे माती मोकळी राहील. काम करताना दोघं फार बोलत नसत, पण टोपली भरली की त्याचा हात आपोआप पुढं यायचा आणि रिकामी झाली की तिचा. आशाबाईला वाटलं, संसार म्हणतात तो बहुतेक हाच असावा.

पेरणीच्या आदल्या दिवशी सुकलाल सुतळी आणायला नदीपलीकडं बऱ्हाणपुरात गेला. आशाबाईच्या मनात आलं, तो येईस्तोवर आपण त्याचं बी निवडून ठेवू. तिनं डबी उघडली, बी सुपात ओतलं आणि ती खिन्न झाली. बिचाऱ्यानं एवढ्या लांबून आणलं, आणि सगळं कसं वाळून चिमलेलं! दाणा न् दाणा सुरकुतलेला, म्हाताऱ्याच्या गालासारखा. गोल, भरलेले, तुकतुकीत दाणे त्यात मोजकेच होते. बी म्हणून काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं एकेक भरलेला दाणा वेचून डबीत टाकला. उरलेलं सगळं म्हशीच्या आंबोणात, भिजलेल्या सरकीत मिसळलं. म्हैस चाटूनपुसून खाऊन गेली.

सुकलाल आला. तिनं कौतुकानं डबी पुढं केली.

"बाकीचं कुठंय?"

"चिमलेलं होतं सगळं. म्हशीले घातलं."

तो डबीकडं बघत राहिला. मग खाली बसला.

"चिमलेलं तेच राणीचं होतं," तो म्हणाला. "वाळल्यावर सुरकुती पडते, तोच तर गोड मटर. हे गोल दाणे बाजूच्या शेताची भेसळ आहे. मी हेच काढून फेकणार होतो."

आशाबाईला रडू आलं, आणि रडतारडताच राग आला.

"मले काहून नाही सांगितलं? कारंजं सांगितलं, मोर सांगितले, राणीचे पाय कसे ते सांगितलं! बी सुरकुतलेलं असते, एवढं एक नाही सांगता आलं?"

"मला वाटलं," तो हळूच म्हणाला, "हे सगळ्यांनाच माहीत असतं."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. तो फक्त पुन्हा पाहुणा झाला. पाणी विचारून घेऊ लागला.

दुसऱ्या दिवशी आशाबाईनं एकटीनंच ते गोल दाणे पट्ट्यात टोकले. खणून ठेवलेली जमीन रिकामी ठेवणं तिच्या जिवाला बरं वाटेना. दाणे रुजले, वर आले. सुकलाल एकदा येऊन वाकून बघून गेला. कोवळ्या पानाच्या बगलेत जांभळी रेघ होती, ती त्यानं तिला बोटानं दाखवली.

"ही रेघ दिसली की आम्ही झाड ठेवत नव्हतो. याला जांभळी फुलं येतील. राणीच्या मटराला पांढरं फूल. उपटून टाक, मेथी लाव."

"राहू द्या," आशाबाई म्हणाली. "उगवलं आहे ते."

इंदूरच्या एका शेठच्या बंगल्यावर माळी हवा होता. संस्थानातल्या ओळखीच्या एका माणसानं सुकलालला निरोप पाठवला. दिवाळी झाल्यावर तो पेटी घेऊन निघाला. मोतीलालनं समजावलं, मालूबाईनं समजावलं. आशाबाईनं वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. नदीच्या उतारावर त्यानं मागं वळून पाहिलं, पण ऊन डोळ्यांवर येत होतं, तिला त्याचं तोंड नीट दिसलं नाही.

मग थंडी आली. तापीवरून सकाळचं धुकं निघायचं आणि पट्ट्यापर्यंत चढून यायचं. आशाबाईनं मागच्या वर्षीच्या कापसाच्या पऱ्हाट्या झाडांजवळ रोवल्या. वाटाण्यानं आपले दोरे त्यांच्याभोवती वळवले आणि तो चढत गेला. पौषात फुलं आली. खरोखरच जांभळी, आत गडद आणि बाहेर फिकी. वरची पाकळी मागं झुकलेली, जशी एखादी पोर मान मागं टाकून हसते. मालूबाईची वंदना दहा वर्षांची होती. ती येऊन नुसती बघत बसायची. आशाबाईही बसायची. धुक्यात बाकीचं जग नसायचं, केळी नसायची, नदी नसायची. फक्त हवेत टांगल्यासारखी ती फुलं असायची. चालताना तिचे पाय दवानं भिजायचे. एकदा तिनं खाली पाहिलं, स्वतःच्या ओल्या टाचा पाहिल्या, आणि ती तिथंच थबकली. स्वप्नातल्या त्या बाईचं तोंड पुढं जाऊन बघायची तिला आता गरज उरली नाही.

हिरव्या शेंगा तिनं थोड्याच खाल्ल्या. बहुतेक दाणे पिठूळ लागले, पण मधेच एखादा दाणा जिभेवर वेगळा लागायचा. तिला वाटलं, मनाचे खेळ. बाकीच्या शेंगा तिनं वेलीवरच वाळू दिल्या. पोपटांना हाकलायला वंदना थाळी वाजवत फिरायची.

होळीच्या सुमारास आशाबाई वाळलेल्या शेंगा सोलायला बसली. पहिलीच शेंग फोडली आणि तिचा हात थांबला. शेंगेत गोल दाणे होते, मातकट रंगाचे. आणि त्यांच्या मधोमध, त्याच शेंगेत, एक दाणा सुरकुतलेला होता. तिनं दुसरी फोडली. तीत नव्हता. तिसरीत दोन निघाले. वेलीनं वेल तेच. गोल दाण्यांच्या पोटी चिमलेले दाणे. म्हशीनं खाल्लेलं, तिच्या हातून कायमचं गेलेलं ते बी या गोल दाण्यांत कुठंतरी दडून बसलं होतं आणि एक अख्खा हिवाळा घालवून बाहेर आलं होतं. हे कसं झालं ते तिला कळलं नाही. तिनं फक्त सूप बाजूला ठेवलं आणि मोतीलालला हाक मारली.

"भाऊजी, मले इंदूरच्या गाडीत बसवून द्या."

"वहिनी, कधी बऱ्हाणपूरच्या पुढं गेल्या नाही तुम्ही!"

"म्हणून तर म्हणते, बसवून द्या."

पदराच्या गाठीत न सोललेल्या शेंगा बांधून ती निघाली. खांडव्याला गाडी बदलली. बायकांच्या डब्यात खिडकीशी जागा मिळाली. नर्मदेचा पूल आला तेव्हा डब्यातल्या बायांनी हात जोडले, तिनंही जोडले. मग गाडी घाटात शिरली. डोंगरात पळस फुलला होता. गाडी इतकी हळू चढत होती की खाली उतरून फूल तोडून पुन्हा चढता आलं असतं. बोगदा आला की सगळं काळं व्हायचं आणि उजेडात आलं की दरी दुसऱ्या बाजूला गेलेली असायची. आशाबाईला वाटलं, आपण झोपेत तर नाही? पदराची गाठ चाचपून पाहिली की शेंगा आत खुळखुळायच्या.

सुकलाल शेठच्या बंगल्यात गुलाबाला खुरपी घालत होता. फाटकातून आत येणारी बाई आपली बायको आहे हे त्याला ओळखायला वेळ लागला. तिला त्यानं जैनाबादेबाहेर कधी पाहिलंच नव्हतं. तो उठून उभा राहिला, हाताची माती धोतराला पुसली.

"काय झालं? मोतीलाल बरा आहे ना?"

"सगळे बरे आहेत. हात पुढं करा."

तिनं त्याच्या तळव्यावर शेंग फोडली. तो बघत राहिला. मग त्यानं दुसरी स्वतः फोडली, तिसरी फोडली. एक सुरकुतलेला दाणा दातात धरून तोडला, हळूहळू चावला आणि डोळे मिटून घेतले.

"तेच आहे," तो म्हणाला. "रंग त्याचा नाही. पण गोडी तीच."

"जांभळ्या फुलांच्या वेलीले आलं हे."

"जांभळ्या फुलांच्या..." तो गुलाबाच्या वाफ्याच्या कडेवर बसला. "ती झाडं मी उपटत आलो, आशा. इतकी वर्षं. शेंग धरेपर्यंत एकही राहू दिलं नाही. त्यांच्या पोटात काय आहे ते कधी पाहिलंच नाही."

त्यानं तिला नावानं हाक मारली होती. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. आशाबाई लाजली, आणि काहीतरी करायचं म्हणून तिनं खाली पडलेली शेंगेची टरफलं गोळा केली.

शेठला दिलेला शब्द होता; पावसाळ्यापर्यंत त्याला तिथं राहणं भाग होतं. तेव्हा आशाबाईच थांबली. बंगल्याच्या मागं माळ्याची खोली होती, तिच्यात ती राहिली. सकाळी ती त्याच्याबरोबर बागेत हिंडायची, त्यानं दाखवलेली कलमं बघायची, फुलांची इंग्रजी नावं चुकीची म्हणायची आणि तो हसायचा. वरणात गूळ टाकायला आता ती विसरत नव्हती. पहाटे ती स्वतःशी बोलायला लागली की तो पडल्या पडल्या उत्तर द्यायचा. उन्हाळा कसा गेला ते दोघांनाही कळलं नाही. नदीला पाणी चढायच्या आत दोघं जैनाबादेला परतली, तेव्हा पेटी त्याच्या डोक्यावर होती आणि शेंगांची गाठ तिच्या पदराला.

त्या हिवाळ्यात त्यांनी फक्त सुरकुतलेले दाणे पेरले. फुलं आली ती बहुतेक जांभळी, मधूनच एखाद्या वेलीला पांढरी. पांढरं फूल दिसताच सुकलालचा चेहरा उजळला. हेच ते, तो म्हणाला, यांचंच बी धरू, बाकीची काढून टाकू.

"चाखल्याशिवाय नाही," आशाबाई म्हणाली.

शेंगा भरल्या तेव्हा दोघंही ओळीतून चाखत फिरली. गोडी दोन्हीकडं होती. एक जांभळ्या फुलांची उंच वेल मात्र अशी निघाली की सुकलालनं दाणे तोंडात टाकले आणि पुन्हा त्याच वेलीकडं हात नेला.

"राणीनं ही खाल्ली असती का?" तिनं विचारलं.

"राणीपर्यंत आम्ही पोचूच दिली नसती," तो म्हणाला.

पट्ट्याच्या एका टोकाला त्यानं आपली पांढरी लावली, दुसऱ्या टोकाला तिनं आपली जांभळी. वर्षामागून वर्षं दोघांनी चाखून, निवडून, वेगळ्या पिशव्यांत बी ठेवलं. सुकलालची पांढरी कधी नीट एकसारखी झाली नाहीत. दर वर्षी काहीतरी वेगळं निघायचंच, आणि आता तो त्याची वाट बघायचा. आशाबाईची जांभळी मात्र एकसारखी येऊ लागली. गावात कुणी मागितलं की ती ओंजळभर द्यायची.

वंदनाचं लग्न देडतलाईकडं झालं, तेव्हा राज्याचं नाव, राजधानी सगळं बदलून गेलं होतं. सासरी जाताना तिनं काकूकडं दुसरं काही मागितलं नाही. जांभळ्या वाटाण्याचं बी मागितलं. त्या डोंगराकडं थंडी जास्त, जमीन हलकी. दुसऱ्या पौषात तिचा नवरा लीलाधर बैलगाडी घेऊन दोघांना न्यायला आला.

गाडी पहाटे खकनारवरून पुढं निघाली. आशाबाईला डुलकी लागली होती. सुकलालनं तिच्या खांद्याला हात लावला.

"उठ. पाय बरं."

मटर नाही म्हणाला, बगीचा नाही म्हणाला. तिच्यासारखंच 'पाय बरं' म्हणाला. आशाबाईनं डोळे उघडले. समोरचा सगळा उतार धुक्यात जांभळा झाला होता, खालच्या नाल्यापर्यंत. बांधावर वंदना उभी होती, तिच्या कडेवरचं लेकरू मुठीत शेंग धरून सालीसकट चावत होतं. लीलाधरनं बैल थांबवले. सुकलाल आधी उतरला, वहाणा गाडीतच ठेवल्या, आणि आशाबाईला उतरवायला त्यानं हात वर केला.

"गार आहे गवत," तो म्हणाला. "सांभाळून."

ती त्याचा हात धरून उतरली आणि दोघं बांधावरून खाली चालू लागली.